सुभेदाराशी ओळख

परशुरामपंतांनी माझी पहिली ओळख करून दिली ती एका घोड्याशी. तीही इतकी रीतसर, की पुढे माझ्या लग्नात व्याह्यांनी एकमेकांची करून घेतली नसेल.

अलिबागेस कचेरीत उमेदवार म्हणून चिकटून मला दोनच दिवस झाले होते. सकाळी आवारात शिरलो, तर उंडीच्या झाडाखाली पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उभे. काळा कोट, काचा मारलेलं धोतर, डोक्याला घट्ट रुमाल, आणि हातात एका तपकिरी घोड्याचा लगाम. मला पाहताच त्यांनी पोलिसासारखा हात वर केला.

"थांबा. तिथंच थांबा. नाव काय आपलं?"

मी नाव सांगितलं. त्यावर ते घोड्याकडे वळले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "सुभेदार, हे दिनकरराव. आपल्या कचेरीत नवे आलेत. बारनिशीला बसतात, आल्या-गेल्या टपालाची नोंद करतात. हातात छत्री आहे, पण उघडणार नाहीत." मग माझ्याकडे वळून, "हे आमचे सुभेदार. बुजरा आहे, वाईट नाही. उलटा हात पुढे करा. बोटं मिटून. डोळ्यांत बघू नका, अपमान वाटतो त्यांना."

मी हात पुढे केला. सुभेदारांनी तो हुंगला, फुर्र करून माझी बाही ओली केली आणि मान फिरवली. "झालं," पंत समाधानानं म्हणाले. "आता तुम्ही ओळखीचे."

एवढ्या आदरानं मला त्या कचेरीत दुसऱ्या कुणीही वागवलं नव्हतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी बावीस वर्षांचा होतो आणि मला नक्कल फार चांगली करता येत असे. दुपारच्या सुटीत मी छत्री बगलेत मारून शिरस्तेदारांच्या खुर्चीला त्यांच्याच टेबलाची ओळख करून दिली. सगळी कचेरी हसली. उमेदवाराचा पाय कचेरीत रुजला तो असा.

ही गोष्ट मी पुढं आयुष्यभर सांगत आलो. लग्नकार्यात, देवळाच्या ओट्यावर, कुठंही. लोक पोट धरून हसतात. पण मी ती नेहमी अर्ध्यावर थांबवतो. आज पुढची सांगणार आहे, आणि ती सांगताना माझी मान खाली असेल हे आधीच सांगून ठेवतो.

परशुरामपंत देवी काढायचं काम करीत. पेटीत लशीच्या नळ्या आणि टोचायचं हत्यार घेऊन गावोगाव फिरायचं आणि पोरांचे दंड टोचायचे. अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंतची गावं त्यांच्याकडे. अशा माणसाचं गावात स्वागत कसं होतं ते सांगायला नको. वेशीवर त्यांचा रुमाल दिसला की "टोच्या आला रे, टोच्या आला!" अशी हाळी उठायची. पोरं माडांवर चढायची, आया दारं लावून घ्यायच्या, आणि एका आजीनं तर नातू चक्क रिकाम्या रांजणात लपवला होता. पंत ओट्यावर बसून राहत. पाणी कुणी विचारत नसे. तासाभरानं रांजणातून शिंक आली की ते हळूच म्हणत, "आजी, रांजणाला पडसं झालंय." मग आजी हसत, आणि काम होऊन जाई.

नाव परशुराम, पण उभ्या जन्मात त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. आणि घोड्याचं नाव सुभेदार, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! सुभेदार छत्रीला बुजत. वाळत घातलेल्या लुगड्याला बुजत. गळून पडलेल्या झावळीला, केळीच्या पानाला, दुसऱ्याच्या शिंकेला आणि एकदा तर स्वतःच्याच शेपटीला बुजले होते. फिरतीच्या माणसानं घोडा ठेवावा असा कचेरीचा नियम होता, पण घोडा कसा असावा हे नियमात नव्हतं. पेणेकडच्या एका टांगेवाल्यानं कंटाळून सोडायला काढलेलं हे जनावर पंतांनी का घेतलं, असं मी एकदा विचारलं.

"त्याला कुणी घेत नव्हतं," पंत म्हणाले. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

आता असला घोडा घेऊन अलिबाग-रेवदंडा रस्त्यानं जायचं! आजच्या मानानं तेव्हा वर्दळ ती काय, असं तुम्ही म्हणाल. पण रस्ता अरुंद, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांचं कुंपण, आणि मधून नारळांच्या गाड्या, मिठाच्या गाड्या, टांगे, डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणींची रांग, बाजाराच्या दिवशी बकऱ्या, आणि त्यातच नवीन निघालेली सर्व्हिस मोटार. एवढ्यातून सुभेदारांना सुखरूप न्यायचं, तर पंतांनी त्याचं एक शास्त्रच बनवलं होतं.

त्या शास्त्राचा पाया एकच. "दिनकरराव, भीती म्हणजे काय? ओळख नसणं. ओळख झाली की भीती संपली." म्हणून रस्त्यात जे जे समोर येईल त्याची ओळख करून द्यायची. गाडी आली की पंत खाली उतरणार, सुभेदारांचं तोंड गाडीकडे फिरवणार. घोड्याच्या पाठीमागून काहीही जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. "जे दिसतं ते चावत नाही. मागं काय आहे ते न दिसणं, ते चावतं." आणि मग सुरू: "सुभेदार, ही गाडी. चौलच्या गोविंदाची. बैल आपले नेहमीचे. डावा नवीन आहे, पण शांत आहे."

गाडीवानांना सवय झाली होती. कोळणी तर आपण होऊन थांबत. आक्षीच्या काशीबाई म्हणून एक होत्या, त्या लांबूनच ओरडत, "पंत, माजी वलख करून देऊ नका. काल केलीत. आज निस्ती पाटी नवी हाय, तेवढी दावा त्याला."

"पाटी नवी आहे, सुभेदार," पंत गंभीरपणे सांगत. "बाई त्याच."

तिसरा नियम पाढ्यांचा. हा मला सगळ्यांत आवडत असे, म्हणजे नकलेसाठी. पंतांचं म्हणणं असं, की घोडा बुजायच्या आधी बसणारा बुजतो. समोर काही आलं की माणूस नकळत श्वास धरतो, मांड्या आवळतो, आणि तेवढ्यानं घोड्याला कळतं की काहीतरी भयंकर आहे. म्हणून बसणाऱ्यानं श्वास सोडत राहायचं, आणि श्वास सोडत राहायचा उपाय म्हणजे मोठ्यानं पाढे म्हणायचे. साधा रस्ता असला की बेचा पाढा. मोरी आली की तेराचा. बाजाराला एकोणतिसाचा. आणि मोटारीचा आवाज आला की औटकी! साडेतीनचा तो पाढा शाळेत ज्यांनी मार खाऊन पाठ केला असेल त्यांनाच त्याची दहशत कळेल. वाडीत शिंपणं करणारी माणसं कुंपणापलीकडून नुसतं ऐकत आणि म्हणत, "पंतांची औटकी चाललीय, मोटार आली वाटतं."

मोटार हाकायचा इब्राहिम. हा राजपुरीकडचा. आजोबा-पणजोबांनी गलबतं हाकली, यानं मोटार धरली. स्वभावानं सबुरीचा माणूस. पंतांचा हात वर झालेला दिसला की तो मोटार उभी करी आणि इंजिनसुद्धा बंद करी. "पंत, सबूर. बंद केलं बघा. निवांत होऊ दे तुमचा सलामआलेकुम." मग पंत उतरणार, सुभेदारांना वळवणार आणि सांगणार, "ही मोटार. आपल्या इब्राहिमभाईंची. ओरडते, पण अंगावर येत नाही." उतारू चुळबुळत. कुणाला कोर्टाची तारीख, कुणाला रेवसची बोट गाठायची. इब्राहिम मागं वळून एवढंच म्हणे, "घोड्याला पण जीव हाय, शेट."

इकडे कचेरीत माझी नक्कल रंगात आली होती. नवे साहेब बदलून आले तेव्हा शिरस्तेदारांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून एकेकाचं नाव सांगितलं. पंत तेव्हा आवारात सुभेदारांना पाणी पाजत होते, त्यांना बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. उलट आठच दिवसांनी साहेबांच्या पुढ्यात मी पंतांची नक्कल केली. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "असा माणूस खरोखर आहे आपल्याकडे?" म्हणजे पंतांची साहेबांशी ओळख मीच करून दिली. ती अशी.

आता तो दिवस.

चौलला कचेरीचं काही काम होतं म्हणून आम्ही तिघं कारकून मोटारीनं निघालो. मोटार खच्चून भरलेली. तेव्हा जागा नसली की ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक माणूस बसवत. तिथं मी बसलो. माझ्या गुडघ्याशी भोंग्याचा रबरी गोळा होता.

नागावच्या अलीकडे एक मोरी आहे. तिथं पुढं पंत दिसले. औटकी ऐकू आली. हात वर झाला. इब्राहिमनं मोटार थांबवली, इंजिन बंद केलं आणि पुढल्या चाकात काही अडकलंय का बघायला खाली उतरला. मागच्या बाकावरून माझे दोघे मित्र कुजबुजले, "दिनू, सुभेदारांना सलामी दे की! दे, दे."

पंत उतरत होते. एक पाय जमिनीवर, दुसरा अजून रिकिबीत. "सुभेदार, ही मोटार. आपल्या इब्राहिम..."

मी गोळा दाबला.

काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण आधी सगळी मोटार हसली. मीही हसलो. त्या हसण्यातच सुभेदार मागच्या पायांवर उभे राहिलेले दिसले, पंत मोरीच्या दगडी कठड्यावर आपटले, पेटी उघडली आणि लशीच्या नळ्या रस्ताभर पसरल्या. मग हसणं थांबलं.

मला वाटलं, घोडा आता रेवदंड्याशिवाय थांबत नाही. पण केळीच्या पानाला बुजणारं ते जनावर जागचं हललं नाही. थरथर कापत, तोंडाला फेस, पण पंतांच्या डोक्याशी पाय रोवून उभं राहिलं. पंतांचं मनगट वाकडं झालं होतं. त्यांनी दुसरा हात वर करून सुभेदारांच्या पायाला लावला आणि म्हणाले, "काही नाही, काही नाही. ओळखीचं आहे." आणि मग त्यांनी मोटारीकडे पाहिलं.

माझा हात अजून भोंग्यावरच होता. त्यांनी तो पाहिला. माझ्याकडे पाहिलं. आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली, जसं एखाद्याचं धोतर सुटलं तर भला माणूस वळवतो.

मी खाली उतरलो, नळ्या गोळा केल्या, त्यांना मोटारीत बसवायला हात दिला. खरं फक्त बोललो नाही.

आठ दिवसांनी फौजदारांकडून कागद आला. मोटारीतल्या एका उतारूनं तक्रार केली होती, की घोडा समोर असताना भोंगा वाजला. इब्राहिमचं लायसन अडकलं. तुमच्या जखमी नोकराचा जबाब घेऊन पाठवा, असं साहेबांना कळवलं होतं. साहेबांनी पंतांना बोलावलं, इब्राहिमला बोलावलं, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून जबाब लिहायला मला बसवलं.

इब्राहिम दाराशी उभा होता. चेहरा उतरलेला. "साहेब, अल्लाकसम, मी तर खाली उतरलेलो. भोंगा मी नाय वाजवला. कोणी वाजवला ता माझ्या पाठीला दिसत नाय."

"मग वाजवला कुणी?" साहेब म्हणाले.

मी टाक शाईत बुडवला. काढला. परत बुडवला. महिन्याभरात मला कायम करायचा कागद त्याच साहेबांच्या सहीनं निघायचा होता. बोल, दिनू, आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हणत होतो, आणि टाकाची निब पुसत होतो.

"मी सांगितलं वाजवायला," पंत म्हणाले.

मी मान वर केली. ते साहेबांकडे बघत होते. हात झोळीत बांधलेला.

"सुभेदाराला मोटारीची ओळख होती, भोंग्याची नव्हती. म्हटलं एकदा तीही करून द्यावी. खूण मी केली, म्हणून मोटारीतल्या कुणीतरी वाजवला. कुणी ते बघितलं नाही. चूक माझी."

साहेबांना हसू फुटलं. "भोंग्याशी ओळख!" ते म्हणाले. "हे तुम्ही करालच. मी ऐकून आहे तुमच्याबद्दल."

पंतांचं ते खोटं पटकन खरं वाटलं, कारण पंत वेडगळ आहेत अशी साहेबांची खात्री झालेली होती, आणि ती खात्री मी करून दिली होती. माझ्या नकलेनंच मला वाचवलं. माझ्याच अक्षरात मी लिहिलं, 'भोंगा माझ्या सांगण्यावरून वाजला.' इब्राहिमचं लायसन सुटलं. माझं नावही निघालं नाही. राहता राहिले पंत, आणि त्यांच्यावर साहेब गंभीर झाले. या वयात असले चाळे रस्त्यावर चालणार नाहीत, घोडा काढून टाका, मोटारीनं फिरती करा. हुकूम तयार करायला त्यांनी मला सांगितलं.

उजवा हात झोळीत, म्हणून जबाबावर डाव्या हाताचा अंगठा देऊन पंत बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं. उंडीच्या झाडाखाली ते सुभेदारांसमोर उभे राहिले, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाले, "रागावू नका. नाव तुमचं गोवावं लागलं."

मी हुकूम लिहिला: 'यापुढे सदरहू घोड्यावर बसून सरकारी रस्त्याने जाऊ नये.' साहेबांनी न वाचता सही केली. दुसऱ्या दिवशी तो पंतांच्या हातात देताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी तो दोनदा वाचला.

"'बसून जाऊ नये.' हा शब्द तुमचा का?"

"हो."

"छान घातलात," ते म्हणाले. "म्हणजे चालत जायला मुभा राहिली. मोठी मेहरबानी केलीत, दिनकरराव."

देवाशपथ सांगतो, तो शब्द मी काही विचार करून घातला नव्हता. हुकुमात असतात तसा घातला होता. पण पंतांनी त्यासाठी माझे आभार मानले, आणि मी ते घेतले. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पंत चालत फिरतीला जाऊ लागले. जीनावर लशीची पेटी, एका हातात लगाम, दुसरा झोळीत, आणि तोंडानं पाढे. अलिबाग ते रेवदंडा दहा-अकरा मैल! लोक विचारत, "पंत, मोटारीनं का जात नाही?" कचेरीत शिरस्तेदारांनीही विचारलं. मी तिथंच बारनिशीत तोंड खुपसून बसलो होतो.

"मोटारीनं गेलो तर सुभेदार दिवसभर एकटे," पंत म्हणाले. "एकट्याला साधा आवाजही फार मोठा ऐकू येतो, शिरस्तेदार. पान पडलं तरी दचकायला होतं." पेटी उचलता उचलता म्हणाले, "मला ठाऊक आहे ना."

कोळीवाड्यामागं एका खोलीत हा माणूस वीस वर्षं एकटा राहत होता. मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. कचेरीतलं कुणीच गेलं नव्हतं. टोच्याकडे कोण जातो! रस्त्यातल्या शे-दीडशे माणसांची नावं ज्याला त्यांच्या बैलांसकट पाठ होती, त्याला दिवसातून बोलायला मिळत असे ते घोड्याच्या निमित्तानं. घोडा नसता तर रस्त्यात कोण थांबलं असतं त्यांच्यापाशी? हे सगळं मला तेव्हा सुचलं, आणि मी सगळं काम बाजूला ठेवून उगीच टाक पुसत बसलो.

त्यात आणखी एक झालं. सुभेदार मला बुजू लागले. मी आवारात पाऊल टाकलं की कान मागं, डोळे पांढरे, आणि लगामाला हिसका. सगळी कचेरी बघू लागली. शिरस्तेदार म्हणाले, "काय रे दिन्या, तुझी तर रीतसर ओळख होती ना? काय केलंस त्याला?"

चोराच्या मनात चांदणं! पंत खरारा करीत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यांच्या खिशात रुमाल पांढरा आहे. पांढरं फडफडलेलं आवडत नाही सुभेदारांना."

मी पांढरा रुमाल वापरायचा सोडला. तरी सुभेदार बुजतच राहिले. मग मी विहिरीकडच्या मागल्या वाटेनं कचेरीत येऊ लागलो. एक घोडा टाळण्यासाठी चांगला कायम झालेला कारकून केळीच्या वाडीतल्या चिखलातून धोतर वर धरून यायचा. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याची नक्कल मी कधी केली नाही.

महिन्या-दीड महिन्यानं रेवदंड्याला जायचं काम निघालं. इब्राहिमच्याच मोटारीत बसलो, पण मागं. नागावची मोरी आली, आणि पुढं पंत. पायी. आता त्यांना हात वर करायची गरजही नव्हती. इब्राहिमनं मोटार थांबवली, इंजिन बंद केलं. उतारूंत कुणी चुळबूळ केली नाही. पंतांनी सुभेदारांना वळवलं. "ही मोटार. आपल्या इब्राहिमभाईंची. आज बंद आहे." आवाज थकलेला होता. वहाणा तुटलेल्या, सुतळीनं बांधलेल्या.

मी खाली उतरलो. इब्राहिमला म्हटलं, "तू जा पुढं. मी येतो चालत." इब्राहिमनं माझ्याकडे बघितलं, मग पंतांकडे. काही विचारलं नाही. मोटार लोटत लोटत मोरीपलीकडे नेऊन त्यानं तिथं हॅण्डल मारला. त्याला सगळं माहीत होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याच्या पाठीला दिसलं होतं.

सुभेदारांनी मला पाहिलं आणि कुंपणापर्यंत मागं सरकले. मी लांबच उभा राहिलो. आणि म्हणालो, "पंत, भोंगा मी वाजवला."

"माहीत आहे," पंत म्हणाले.

"मग साहेबांपुढं का नाही सांगितलंत? इब्राहिमही सुटला असता, तुम्हाला घोड्यावर बसताही आलं असतं. माझं काय व्हायचं ते झालं असतं."

"तुमचे पाय थरथरत होते," पंत म्हणाले. "टेबलाखाली. मला उभ्या जागेवरून दिसत होते. थरथरणाऱ्याला टाच मारून पुढं ढकलायचं नसतं, दिनकरराव. ढकललं की तो जन्मभर त्या जागी बुजतो. थांबायचं. आपण होऊन येतो."

मला रडू आलं. भर रस्त्यात, बावीस वर्षांचा घोडा मी. म्हटलं, "उद्या साहेबांना सांगतो. हुकूम फिरवून घेतो."

"सांगा. घाई नाही."

मी सांगितलं नाही. हे इथंच कबूल करून टाकतो, कारण आज काही लपवायचं नाही. उद्या, परवा, या महिन्यानंतर, असं करता करता साहेब बदलून गेले. तो हुकूम फायलीत तसाच राहिला, माझ्या वळणदार अक्षरात. परशुरामपंत नोकरीतून सुटेपर्यंत चार वर्षं सुभेदारांच्या बाजूनं चालत राहिले. मी पगडीवाल्या, टोपीवाल्या कितीतरी लोकांपुढं नंतर बोललो असेन, पण ते एक वाक्य साहेबांच्या टेबलापुढं मला बोलता आलं नाही. मी त्या जागी बुजलोच.

पण त्या दिवशी मोरीवर मला वाटत होतं की मी सांगणार आहे, आणि पंतांनाही तसंच वाटत असावं. त्यांनी लगाम सैल सोडला आणि मला जवळ बोलावलं.

"या. उलटा हात पुढे करा. बोटं मिटा."

मी हात पुढे केला. सुभेदारांच्या नाकपुड्या फुलल्या. ते आणखी एक पाऊल मागं गेले.

"श्वास धरलात," पंत म्हणाले. "सोडा. पाढा म्हणा."

"कुठला?"

"येत असेल तो."

"बे एके बे," मी म्हणालो. "बे दुणे चार. बे त्रिक सहा." वाडीत शिंपणारा कुणीतरी थांबून ऐकत होता. मी म्हणतच राहिलो. माझा हात कापत होता, आणि समोर घोड्याचं कातडं कापत होतं. बे दाहे वीस झाले आणि मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला केव्हातरी माझ्या बोटांवर ऊन, ओला श्वास लागला.

पंतांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. झोळीतला हात काढून घोड्याच्या मानेवर ठेवला आणि, पहिल्या दिवशी उंडीखाली उभे होते तसे, रीतसर उभे राहिले.

"सुभेदार," ते म्हणाले, "हे दिनकरराव."

मी कुठं बसतो, छत्री उघडणार की नाही, असं काही आता सांगतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी घोड्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बुजरा आहे," ते म्हणाले. "वाईट नाही."